गावासाठी जमवलेले सहा लाख वाटायचे कसे?

वाचकाचं पत्र: "आम्ही अकरा जण, सगळे निवृत्त, सगळे कुही तालुक्यातल्या एकाच गावचे आणि आता नागपुरात स्थायिक. गावातल्या गरिबांसाठी आपसांत ६ लाख रुपये जमवले आहेत. गावात १८० घरं. पैसे जमले लवकर, पण वाटायचे कसे यावर वाद काही मिटत नाही. एक गट म्हणतो सगळ्यांना सारखे द्या, नाहीतर भांडणं लागतील. दुसरा म्हणतो दारिद्र्यरेषेची यादी आणा आणि तिच्याप्रमाणे द्या. तिसऱ्याचं म्हणणं, फुकट दिलं की लोक आळशी होतात. आधी काम करून घ्या. बायकांना शिलाई मशीन द्या, हा प्रस्ताव तर प्रत्येक बैठकीत येतो. मी एमएला कल्याणाचं अर्थशास्त्र शिकलोय, पण पिगू आणि पॅरेटो हे त्यातले मोठे अर्थतज्ज्ञ इथे काही कामाला येईनात. शास्त्र नेमकं कोणाच्या बाजूने आहे?" एक वाचक, मनीषनगर, नागपूर

नमस्कार. शास्त्र पूर्णपणे कोणाच्याच बाजूने नाही, पण तिन्ही गटांपैकी कोण कुठे चुकतंय हे मात्र ते बऱ्यापैकी स्पष्ट सांगतं. पिगूला अगदीच मोडीत काढू नका. श्रीमंताच्या हातातल्या रुपयापेक्षा गरिबाच्या हातातला रुपया जास्त सुख देतो, हे त्याने १९२० मध्ये मांडलं आणि तुमचे सहा लाख त्याच भरवशावर जमले आहेत. अडचण पुढची आहे. तो गरीब नेमका कोण आणि त्याचं अडलंय कुठे, हे पिगू सांगत नाही.

सारखं वाटायचं म्हटलं तर घरटी ३,३३३ रुपये येतात. ट्रॅक्टरवाल्याच्या घरी ते दिसणारही नाहीत आणि मजुराच्या घरी किराण्याच्या उधारीत जातील. सगळ्यांना सारखं देण्याचं तत्त्व वाईट नाही. शाळा, अंगणवाडी, नळाचं पाणी यांच्या बाबतीत तेच योग्य, कारण तिथे कोणाला वगळायचं हे ठरवण्याचा खर्च आणि त्रास सगळ्यांना सामावून घेण्यापेक्षा महाग पडतो. पण ते सरकारी तिजोरीला परवडतं, सहा लाखांना नाही.

भांडणांची भीती खोटी नाही. पण एका घराला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरून ती लागत नाहीत. का मिळालं हे कोणालाच कळलं नाही की लागतात. गावात आपापसांत सांभाळून घेण्याची पद्धत आधीपासून असतेच. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थतज्ज्ञाने १९९४ मध्ये तीन गावांच्या नोंदी तपासल्या. त्यात अकोला जिल्ह्यातलं कानझरा होतं आणि सोलापूरकडचं शिरापूर. एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्या घराचं खाणंपिणं तेवढं खाली येत नाही, ते गावाच्या सरासरीबरोबर हलतं, असं त्याला दिसलं. उसनवारी, नातेवाईक, दुकानदाराची उधारी यांवर माणसं तरून जातात. पण तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार इतरांपेक्षा कमी मिळत होता. शिवाय दुष्काळ किंवा गारपीट आली की अख्खं गाव एकदमच बुडतं, मग उसनं द्यायला कोणाकडेच काही उरत नाही. बाहेरचा पैसा लागतो तो या दोन ठिकाणी. गावातलं गावात जिथे भागतं तिथे तो घालू नका.

आता यादी. तुमचे मित्र जी दारिद्र्यरेषेची यादी म्हणतात ती बहुतेक ठिकाणी २००२ च्या पाहणीची आहे. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. तेव्हा ज्याचं घर कुडाचं होतं त्याचा मुलगा आज कंत्राटदार असेल, आणि त्यानंतर लग्न होऊन वेगळं निघालेलं, पुढे नवरा गेलेलं घर त्या यादीत नसेलच. अशा याद्यांमध्ये दोन प्रकारच्या चुका होतात. गरज नसलेला आत येतो ही एक, गरजू बाहेर राहतो ही दुसरी. देणगी देणाऱ्यांना पहिल्या चुकीची धास्ती असते, कारण ती डोळ्यांवर येते आणि चहाच्या टपरीवर तिचीच चर्चा होते. दुसरी चूक बोंब मारत नाही. यादीबाहेर राहिलेली म्हातारी तुमच्या बैठकीत येऊन तक्रार करणार नाही. पहिली चूक टाळायला तुम्ही जितकी कागदपत्रं वाढवाल तितकी दुसरी वाढते, कारण सर्वांत गरीब घरात कागदच नसतात. आमच्या मते दोन घरं जास्तीची आली तरी चालतील, एकही सुटता कामा नये.

यादी गावाकडूनच करून घ्या. पद्धत सोपी आहे, पण नीट केली तरच. ग्रामपंचायतीची घरपट्टी यादी आणि मतदार यादी दोन्ही घ्या. घरपट्टीच्या यादीत अतिक्रमणातली झोपडी नसते, मतदार यादीत वेगळी चूल दिसत नाही. प्रत्येक चुलीची एक चिठ्ठी करा. मग निरनिराळ्या वस्त्यांमध्ये तीन बैठका घ्या, त्यातली एक फक्त बायकांची, आणि प्रत्येक बैठकीत लोकांना चिठ्ठ्या चार ढिगांत लावायला सांगा: ज्यांचं बरं आहे, ज्यांचं भागतं, ज्यांची ओढाताण आहे, आणि ज्यांच्याकडे आजची उद्याला पुरत नाही. एका वेळी पन्नासच्या वर चिठ्ठ्या नकोत, उरलेल्या पुढच्या संध्याकाळी. इंडोनेशियात ६४० गावांत ही पद्धत आणि सरकारी गुणांकन यांची तुलना झाली, तेव्हा बैठक लांबत गेली तशा चुका वाढत गेल्याचं दिसलं; लोक कंटाळतात आणि उरलेल्या चिठ्ठ्या कुठेही टाकतात. घरखर्चाच्या मोजपट्टीवर गावकऱ्यांची यादी थोडी कमी अचूक ठरली, पण लोकांनी ती जास्त मानली. कारण गावाच्या लेखी गरिबी म्हणजे फक्त कमी उत्पन्न नसतं. विधवा आहे, कमावता हात नाही, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हेही गाव मोजतं.

बैठक संध्याकाळी ठेवा, मजूर परतल्यावर. धान कापणीच्या दिवसांत ठेवलीत तर फक्त रिकामे लोक येतील आणि ते बहुधा शेतमालक असतील. जागा सरपंचाच्या ओसरीवर नको, शाळेत किंवा समाजमंदिरात हवी. तिन्ही बैठकांत जी घरं शेवटच्या ढिगात आली ती थेट यादीत. जी एक किंवा दोनच बैठकांत आली त्यांच्या दारात जाऊन पाहा. मजुरीसाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांची चिठ्ठी कोणी ना कोणी गाळतंच, ती आवर्जून शोधा. शेवटी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आठ दिवस लावा. १८० घरांच्या गावात शेवटच्या ढिगात साधारण तीसेक घरं यावीत असं धरून पुढचा हिशोब करतोय. साठ आली तर लोकांनी हात सैल सोडलाय असं समजा आणि शेवटचा ढीग पुन्हा लावून घ्या.

आळशीपणाचा मुद्दा थोडा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण तुमच्या गटातल्या सगळ्यांत शहाण्या माणसाचाही बहुधा तोच असणार. हा विचार फार जुना आहे. १८३४ च्या इंग्लंडच्या गरीब कायद्याने मदत मुद्दाम इतकी जाचक केली की मजुरीची शेवटची पायरीसुद्धा तिच्यापेक्षा बरी वाटावी. लोक आळशी होतात की नाही, हे आता मोजून पाहिलेलं आहे. सहा देशांतल्या सात रोख मदत योजनांचा एकत्र अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पैसे मिळाल्यामुळे लोकांनी काम कमी केलं याचा पद्धतशीर पुरावा कुठेच मिळाला नाही. आपल्याकडचं उत्तर तर आणखी साधं आहे. निराधार पेन्शन महिन्याला १,५०० रुपये आहे. त्यावर आळस करून दाखवा म्हणावं.

मात्र काम करून घेऊन मदत देण्याच्या कल्पनेत एक खरा गुण आहे आणि तो महाराष्ट्राने जगाला दाखवला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यात कोणाची गरिबी तपासावी लागत नाही. उन्हात माती खोदायची आणि मजुरी बेताची, म्हणजे ज्याला दुसरं काही मिळत नाही तोच येणार. चाळणी आपोआप लागते. तिच्यातून दोन प्रकारचे लोक गळतात. ज्यांचं अंग चालत नाही ते, आणि मजुरी लांबली तर सगळ्यांत गरीब मजूरच. आठवडाभर खोदून पैसे दीड महिन्याने मिळणार असतील तर तेवढा दम ज्याच्या घरात दाणे आहेत त्यालाच धरता येतो. बाकीचे कमी रोजावर का होईना, रोख देणाऱ्याकडे जातात. चाळणी उलटी होते ती अशी. त्यामुळे श्रमदान करा मग देतो, ही अट घालू नका. तुमच्या तीस घरांतली निम्मी तरी माणसं खोदू शकणारी नसतील, आणि जी असतील त्यांचा रोज तुम्ही बुडवाल.

आता मूळ मुद्दा. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशोब मांडून दाखवलं की लोक मेले ते धान्य नव्हतं म्हणून नव्हे. धान्यावर हक्क सांगण्याचं त्यांच्याजवळचं साधन, म्हणजे मजुरी, तिची धान्याच्या तुलनेत किंमत कोसळली म्हणून. तुमच्या गावात हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात उभा आहे. कागदावर हक्क भरपूर आहेत आणि दारापर्यंत येता येता ते अडकतात. तेव्हा पहिला पैसा वाटण्यात घालू नका, अडकलेलं सोडवण्यात घाला.

एक घर घेऊ. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, दोन मुलं शाळेत, जमीन नाही. या बाईला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० मिळू शकतात आणि दोन मुलांना बालसंगोपन योजनेतून प्रत्येकी २,२५०. मिळून ६,००० महिना, वर्षाला ७२,०००. तुमच्या निधीतून तिला एवढं देता येणार नाही, पण हे मिळवून द्यायला लागतो तो प्रवासखर्च, प्रतिज्ञापत्रं आणि सोबत जाणारं माणूस. अडतं ते पहिल्याच कागदावर. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी होती, झाली नाही. वर्ष उलटून गेल्यावर नुसत्या ग्रामसेवकाच्या सहीने ती होत नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या पातळीवरचा आदेश लागतो. एकटी मजूर बाई त्या फेऱ्या मारत नाही, कारण प्रत्येक फेरी म्हणजे एक रोज गेला. दुसरा अडथळा उत्पन्नाच्या दाखल्याचा. निराधारची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात आज कोणाचंच घर चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तलाठ्याचा अहवाल कसा येतो यावर सगळं ठरतं. तलाठ्याशी आधी बोलून ठेवा. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर अर्ज श्रावणबाळचा करायचा, निराधारचा नव्हे. चुकीच्या नमुन्यावर केलेला अर्ज पडून राहतो. लाडकी बहीणचे पैसे सुरू असतील तर तेही आधी पाहा, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा अधिक मिळणारी बाई त्यात बसत नाही. अर्ज मंजूर होण्याआधी चालू पैसे बंद पडू देऊ नका.

सगळं मंजूर होऊनही पैसे येत नाहीत, अशीही घरं निघतील. तिथे बँकेत चौकशी करताना प्रश्न नीट विचारावा लागतो. "खात्याला आधार जोडलेलं आहे का?" असं विचारलं की खिडकीवरचा माणूस पासबुक पाहून हो म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण सरकारी अनुदान जातं ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या आधारपुढे जी बँक शेवटची लागली असेल तिथे. मधल्या काळात कोणी सिमकार्ड घेताना किंवा कर्जाच्या गटातून दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे गुपचूप तिकडे साचत राहतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय याची, स्थिती दिसते, मात्र त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. नको त्या बँकेचं नाव दिसलं तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज भरून द्यायचा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासायचं. रेशनचंही असंच. माती-सिमेंटात काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. त्याच्या नावाने धान्य उचलायला नॉमिनी नोंदवून घेता येतो, आणि हे गावात फार थोड्यांना माहीत असतं.

या कामाला गावातलीच बारावी किंवा पदवी झालेली एक मुलगी नेमा. ६,००० महिना, आठ महिने, म्हणजे ४८,०००. प्रवास, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं यांसाठी ३२,०००. एकूण ८०,०००. सहा लाखांतला सगळ्यांत जास्त परतावा या ऐंशी हजारांवर येईल. दलाल नेमू नका. दर माणशी ठरवून घेणारे तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. ते सोपी प्रकरणं उचलतात आणि मृत्यूची नोंद नसलेली बाई तशीच राहते.

मग थेट मदत. तीसेक म्हणजे समजा अठ्ठावीस घरं धरली, तर त्यांपैकी बारा घरांत कमावता हातच नाही. तिथे वस्तू देऊन उपयोग नाही. पेन्शन सुरू होईपर्यंत महिन्याला १,००० रुपये, सहा महिने: ७२,०००. केनियातल्या एका प्रयोगात दर महिन्याला थोडे थोडे पैसे मिळालेल्यांचं खाणं सुधारलं आणि एकरकमी मिळालेल्यांनी घरातल्या टिकाऊ वस्तू घेतल्या. तुमच्या म्हाताऱ्यांना टिकाऊ वस्तू नकोत, दोन वेळचं हवंय, म्हणून हप्ते.

उरलेल्या सोळा घरांत हात आहेत, भांडवल नाही. इथे एकरकमी आणि पुरेसं मोठं द्या, प्रत्येकी १६,००० ची वस्तू किंवा भांडवल. अत्यंत गरीब कुटुंबांना जनावर किंवा भांडवल, सुरुवातीचे काही महिने खर्चाला पैसे, थोडं प्रशिक्षण, बचत आणि दर आठवड्याला भेट, असं सगळं एकत्र देण्याचा प्रयोग भारतासह सहा देशांत झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि पश्चिम बंगालमध्ये तर दहा वर्षांनीही फरक टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र लोकांनी कोंबड्या निवडल्या, त्यातल्या बहुतेक रोगाने मेल्या आणि तिथली कुटुंबं वर आली नाहीत. एकाच वस्तूवर सगळ्यांना बसवू नका, एवढं त्यातून घ्या.

शेळी दिली तर ती पावसाळा संपल्यावर द्या. भर पावसात बाजारातून आणलेली शेळी आजार घेऊनच येते. आणल्यावर दोन-तीन आठवडे गावच्या कळपात मिसळू देऊ नका, जंत पाडा, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचून घ्या, आणि आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्याच्या आधी. लस, औषध, विमा मिळून घरटी १,००० धरा. शेळी पाच महिने गाभण राहते आणि पिल्लू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ महिने जातात. या वर्षभरात घरात पैसा नसेल तर शेळीच विकली जाते, आणि मग तुमच्यातला कोणीतरी म्हणतो, "बघा, यांना दिलेलं टिकत नाही." म्हणून त्याच घराला शेतात भरपूर काम असतं ते महिने सोडून बाकीच्या महिन्यांत हजार-हजार रुपये द्या: फेब्रुवारी ते मे चार, ऑगस्ट-सप्टेंबर दोन. असे घरटी १६ अधिक ६, म्हणजे २२,०००; सोळा घरांचे ३,५२,०००. आंभोऱ्याकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर घराला शेळी नको असेल, जाळं आणि डोंगा हवा असेल. भाजी विकणारीला वजनकाटा आणि चार दिवसांचं भांडवल. आणि घर कोणाचं ते विसरू नका: बाईचं घर असेल तर पावती बाईच्या नावाने.

शिलाई मशीन एखाद्या घराला द्यायला हरकत नाही. वीस देऊ नका. गावातली ब्लाऊजची मागणी तेवढीच राहते आणि वीस जणी तीच वाटून घेतात. त्यात आधीपासून शिवणारीचाही धंदा बसतो. शेतीला द्या असं कोणी म्हटलं तर डॉ. आंबेडकरांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध त्यांच्या पुढ्यात ठेवा. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत हा रोग, तुकडे हे त्याचं लक्षण, असं त्यांनी तेव्हाच मांडलं. तुमच्या शेवटच्या ढिगातल्या बहुतेकांना जमीन नसणारच.

हिशोब असा: कागदपत्रं ८०,०००, हप्ते ७२,०००, सोळा घरं ३,५२,०००, लस-औषध-विमा १६,०००. झाले ५,२०,०००. उरलेले ८०,००० आजारपणासाठी राखून ठेवा. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात उपचाराचा खर्च योजनेतून निघाला तरी येण्याजाण्याचं भाडं आणि सोबतच्या माणसाचं जेवण कोणी देत नाही, आणि शेळी विकली जाते ती बहुतेक वेळा त्यासाठीच. हे पैसे गावातल्या उमेदच्या ग्रामसंघाकडे, म्हणजे महिला बचत गटांच्या संघाकडे द्या. त्यांचं खातं असतं आणि नोंदी ठेवायची सवयही. एका वेळी २,००० पर्यंत दोन सह्यांवर, त्याच दिवशी. तुमच्या अकरा जणांची मंजुरी लागते असं ठरवलंत तर पैसे पेशंट घरी परतल्यावर पोचतील.

ढिगांच्या बैठका दिवाळीनंतर धान कापून झाल्यावर घ्या, शेळ्या डिसेंबरात, आणि दाखल्यांचं काम त्याच्याही आधी आजच सुरू करा, कारण त्याला यादीची वाट पाहायची गरज नाही. विधवा कोण आहे हे अंगणवाडी सेविकेला आत्ताच ठाऊक आहे.